आयईपीतल्या थेरपीचं बिल मेडिकेडला का नको?

सईची आई: प्रॉपर्टी टॅक्सच्या धाग्यावर एडिसनकरांनी काल लिहिलं, "मेडिकेड हा सरकारी आरोग्य विमा गरिबांच्या दवाखान्यासाठी आहे. शाळांनी स्पेशल एज्युकेशनच्या नावाखाली त्यावर हात मारणं ही सरळ लूट." रात्रभर डोक्यात तेच होतं, म्हणून वेगळा धागा काढते. आयईपी म्हणजे अपंग मुलासाठी शाळेने लिहिलेली शिक्षणाची योजना; त्यातली थेरपी शाळेला द्यावीच लागते.

लूट कोणाची हो? अपंग मुलांच्या शिक्षणाच्या १९७५ च्या कायद्यात (आता त्याचं नाव आयडिया) काँग्रेसने, म्हणजे अमेरिकी संसदेने, अशा दर मुलामागे देशातल्या सरासरी विद्यार्थी-खर्चाच्या ४० टक्क्यांपर्यंत देऊ म्हटलं. ते एकाही वर्षी दिलं नाही. हल्ली १५ टक्केसुद्धा येत नाहीत. शाळेला मात्र "पैसे नाहीत" म्हणायची सोय नाही. मग १९८८ मध्ये काँग्रेसनेच ठरवलं, की थेरपी आयईपीत लिहिली आहे एवढ्या कारणावरून मेडिकेडने पैसे नाकारायचे नाहीत. मेडिकेडवरच्या मुलाने क्लिनिकमध्ये स्पीच थेरपी घेतली तर उपचार, आणि तीच शाळेच्या खोलीत घेतली की लूट? देशभरातल्या शाळांना यातून वर्षाला साधारण साडेसात अब्ज डॉलर मिळतात. मेडिकेडच्या खर्चाचा एक टक्काही नाही तो.

एडिसनकर: ताई, चिडून आकडे बदलत नाहीत. २०१७ च्या केंद्रीय ऑडिटमध्ये टेक्सासने जवळपास १ कोटी ९० लाख डॉलर नियमबाह्य घेतल्याचं निघालं. आणि आपल्या जर्सीत सेमीच्या, म्हणजे शाळांना मेडिकेडचे पैसे मिळवून देणाऱ्या योजनेच्या, पैशातला मोठा वाटा ट्रेन्टन (राज्य सरकार) आधीच कापून घेतं. मुलापर्यंत पोचतं काय?

ऑस्टिनचा काका: टेक्सासचं अर्धंच सांगितलंत. त्या ऑडिटनंतर राज्याने नियम असे आवळले की डिस्ट्रिक्टांना वर्षाला ३० कोटी डॉलरहून जास्त फटका बसला. मुलं तेवढीच आहेत, थेरप्याही तेवढ्याच.

ओटीवाली: मी आतली माणूस, शाळेतली ऑक्युपेशनल थेरपिस्ट. मधेच ईमेल येतो, "या मिनिटाला तुम्ही काय करत होतात?" मेडिकेडच्या हिशेबासाठीच्या या पाहणीला टाइम स्टडी म्हणतात. मुलाचा हात धरून पेन्सिल शिकवत होते, अजून काय! प्रत्येक सेशनची नोंद, त्यावर सुपरवायझरची सही. शिकले थेरपी, करते कारकुनी.

एडिसनकर: धन्यवाद. माझा मुद्दा तुम्हीच मांडलात.

ओटीवाली: मुळीच नाही. पैसे नकोत असं मी कुठे म्हटलं?

नवीन_जर्सी: शाळेने मेडिकेडच्या संमतीचा फॉर्म पाठवलाय. आमचं ग्रीन कार्ड रांगेत आहे. लेक इथेच जन्मली. सही केली तर पब्लिक चार्ज, म्हणजे सरकारवर भार असल्याचा ठपका, लागून ग्रीन कार्ड अडेल का?

एडिसनकर: अजिबात करू नका.

सईची आई: लोकांना घाबरवणं बंद करा! जर्सीत हा फॉर्म सरसकट देतात. लेकीला मेडिकेडच नसेल तर शाळा बिल लावणार कोणाला? आणि पब्लिक चार्जच्या २०१९ च्या कडक नियमातसुद्धा आयडियाखालच्या सेवा आणि २१ वर्षांखालच्यांचं मेडिकेड वगळलेलं होतं.

खवट काका: तो नियम २०२१ ला गेला, उद्या दुसरा येईल. एकदा कागदावर नाव गेलं की गेलं.

सईची आई: सिटिझन मुलीला मिळालेला लाभ आईबापाच्या नावावर धरत नाहीत, काका. वाचत जा थोडं.

खवट काका: वाचूनच केस पांढरे झालेत. तुमचा भरवसा तुम्हाला लखलाभ.

फिलीकर: आमच्या पेन्सिल्व्हेनियात मुलाचं अपंगत्व निकषात बसलं तर मेडिकेडसाठी आईबापाचं उत्पन्न धरतच नाहीत. माझा पगार सहा आकडी, तरी मुलाला मेडिकेड आहे.

एडिसनकर: ऐका! गरिबांचं मेडिकेड सहा आकडी पगारवाल्याच्या घरात. आणि लूट म्हटलं की मिरच्या झोंबतात.

फिलीकर: तोंड सांभाळून. कंपनीच्या विम्याने "ही शैक्षणिक गरज आहे, शाळेकडे मागा" म्हणून हात वर केले. शाळा म्हणाली, "ही वैद्यकीय आहे, विम्याकडे मागा." या टोलवाटोलवीत पोराचं बोलणं लांबलं. तुम्ही माझा पगार मोजताय?

एडिसनकर: ...मुलाबद्दल वाईट वाटलं. बरं, थेरपी द्यायलाच हवी हे मी कधी नाकारलं? पैसा पुढच्या दाराने द्या, एवढंच म्हणतोय. ते ४० टक्के आधी पूर्ण करा.

सईची आई: वा! अखेर ४० टक्क्यांवर एकमत झालं, पेढे वाटा. १९७५ ला शाळेत गेलेली मुलं आता पन्नाशी ओलांडून गेली, तोवर आमच्या मुलांनी काय करायचं तेही सांगा.

नवीन_जर्सी: माझ्या फॉर्मचं कोणी सांगेल का? शुक्रवारपर्यंत द्यायचाय.

ओटीवाली: सही केली नाही म्हणून शाळेला थेरपी बंद करता येत नाही, कायद्यानेच नाही. धाकधूक असेल तर आधी इमिग्रेशन वकिलाला विचारा, फॉर्म नंतर द्या. आणि या धाग्यावरच्या वकिलांना विचारू नका.

खवट काका: हे माझ्यासाठी होतं का?