यमाच्या वहीत घोळ झाला म्हणून आजोबा परत आले, यावर काय म्हणता?

सातबारा:
आमच्या घरात लहानपणापासून ऐकत आलेली गोष्ट आहे. माझे आजोबा, आईचे वडील, नाव गोविंदा. १९७४ साली भादव्यात विषमज्वराने निपचित पडले, नाडी लागेना, बायकांनी रडायला सुरुवात केली, एक जण बांबू आणायला गेलासुद्धा, आणि तासाभरात हे उठून पाणी मागायला लागले! म्हणाले, दोन काळेकभिन्न माणसांनी दंडाला धरून नेलं, तिथे एक म्हातारा मोठी वही उघडून बसलेला, तो वही बघून ओरडला की अरे हा नव्हे, गोविंदा सुतार आणायला सांगितला होता. मग ढकलून दिलं. आणि बरोब्बर त्याच घटकेला खालच्या आळीतला गोविंदा सुतार गेला.

परवा वाचलं की बंगळूरच्या निम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेतल्या सतवंत पसरिचा आणि अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ इयान स्टीव्हन्सन यांनी १९८६ मध्ये भारतातल्या अशा १६ केसेस छापल्या होत्या. यमदूत, वही, नावाचा घोळ, सगळं तसंच. एकात तर कुंभार हवा होता आणि वाणी उचलून नेला. त्या लोकांचं आणि आमच्या आजोबांचं इतकं कसं जुळतं? निव्वळ भास म्हणून सोडून द्यायचं का हे?

कडूकारलं:
जुळणारच की, दोघांनी लहानपणी ऐकलेल्या कथा त्याच. अमेरिकेत डॉ. रेमंड मूडींनी १९७५ साली मरणाच्या दारातून परतलेल्यांचे असे अनुभव पुस्तकात छापले, तिकडे बोगदा, प्रकाश, गेलेले नातेवाईक. तिकडच्या माणसाला प्रेमाने सांगतात की तुझी वेळ झाली नाही, आपल्याकडे मात्र फाईल चुकली म्हणून धक्के मारून परत पाठवतात. मेल्यावरही आपल्याला तलाठी ऑफिसच दिसतं राव 😄 परलोक खरा असेल तर देशागणिक वेगळी शाखा कशी काय?

माळकरी:
हसण्यावारी नेऊ नका. विठोबाला कोणी माउली म्हणतं कोणी पांडुरंग, म्हणून विठोबा दोन होत नाहीत. ज्याला जी भाषा येते त्याच भाषेत तो सांगणार ना? आणि मेंदूला ऑक्सिजन कमी पडला की असे भास होतात असं काही जण सांगतात, तर मग सगळ्यांना व्हायला हवेत. हॉलंडच्या पिम व्हॅन लॉमेल या हृदयरोगतज्ज्ञांनी २००१ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापलंय, हृदय बंद पडून वाचलेले ३४४ पेशंट, त्यातल्या फक्त ६२ जणांना काही आठवत होतं, आणि हृदय किती वेळ बंद होतं, कुठली औषधं दिली याचा त्याच्याशी काही संबंध लागला नाही. त्यातच तो कवळीवाला किस्सा आहे, बेशुद्ध माणसाची कवळी नर्सने काढून ट्रॉलीत ठेवली आणि शुद्धीवर आल्यावर, आठवड्याहून जास्त दिवसांनी, त्या माणसाने नर्सला ओळखून कवळी कुठे ठेवली ते सांगितलं. आता बोला.

आयसीयूवाली:
पंधरा वर्षं आयसीयूत काढलीत म्हणून बोलते. पहिली गोष्ट, हृदय थांबलं म्हणजे मेंदू मेला असं नाही, जो परत आला तो पूर्ण मेलाच नव्हता. दुसरी, पेशंटला जे आठवतं ते नेमकं कधी घडलं हे त्यालाही सांगता येत नाही, बुडताना की वर येताना. आमच्याकडे एक आजी ठाम सांगायच्या की मला माळ्यावर कोंडलं होतं. खोटं बोलत नव्हत्या हो, त्यांना खरंच दिसलं होतं.

कवळीचा किस्सा मलाही आवडतो पण तो एका नर्सने सांगितलेला किस्सा आहे. त्यापेक्षा डॉ. सॅम पार्निया यांचा प्रयोग बघा, २०१४ मध्ये छापलेला. वॉर्डात उंचावर फळ्या ठोकल्या, वर चित्रं, फक्त छताजवळून दिसतील अशी. शरीराबाहेर तरंगणारा ते चित्र सांगेल ना? हृदय बंद पडल्याच्या २०६० केसेस, त्यातले वाचून मुलाखतीपर्यंत पोचले १४०, आणि चित्र कोणीच सांगितलं नाही. पण माळकरींच्या बाजूनेही सांगते, आजूबाजूचं पाहिलं-ऐकलं म्हणणारे जे दोघं होते ते दोघंही फळी नसलेल्या खोल्यांत होते. म्हणजे परीक्षाच झाली नाही, नापास कसं म्हणणार. अमेरिकेत मिशिगनच्या संशोधकांना, २०२३ मध्ये छापलंय, व्हेंटिलेटर काढल्यावर चौघा मरणासन्न पेशंटपैकी दोघांच्या मेंदूत जोरदार हालचाल दिसली, पण ते वाचले नाहीत, काय दिसलं ते विचारणार कोणाला?

कडूकारलं:
+१. धागाकर्ते, एकच सांगा, सुतार नक्की कधी गेला? 'त्याच घटकेला' हे घड्याळ लावून कोणी बघितलं होतं?

सातबारा:
मावशीला फोन केला आत्ताच. तोंडावर पडलोय. सुतार दिवाळीनंतर गेला म्हणे, म्हणजे दोन महिन्यांनी. आणि आजोबा सुरुवातीला 'हा गोविंदा नव्हे' एवढंच म्हणाले होते, सुतार हे तो गेल्यावर लोकांनी जोडलं.

माळकरी:
म्हणजे संपलं का सगळं? व्हॅन लॉमेलनी त्याच पेशंटना आठ वर्षांनी परत गाठलं होतं, अनुभव आलेल्यांची मरणाची भीती इतरांपेक्षा बरीच कमी झालेली होती. नुसत्या भासाने माणूस इतका बदलतो का?

कडूकारलं:
बदलतो. स्वप्नानेही बदलतो. त्यावरून परलोकाचा पत्ता नाही लागत.

सातबारा:
भीतीचं माहीत नाही, पण मावशी अजून एक बोलली जे मला कोणी कधीच सांगितलं नव्हतं. सुतार गेल्यावर आजोबा दर महिन्याला त्याच्या घरी पायलीभर ज्वारी पाठवायचे. मावशीच डोक्यावर घेऊन जायची. का म्हणून विचारलं तर म्हणायचे, माझ्या जागी गेला तो.

आयसीयूवाली:
किती वर्षं?

सातबारा:
सुताराचा धाकटा कमवायला लागेपर्यंत.