अनियमित उत्पन्न असताना गृहकर्जाचा अर्ज कसा मांडावा?

प्रश्न
नमस्कार. मी लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो, पत्नी महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकवते आणि निफाडला वडिलांच्या नावे द्राक्षबाग आहे. नाशिकमध्ये ४५ लाखांची सदनिका घ्यायची आहे. परंतु माझ्या खात्यात लग्नसराईत भरपूर आणि पावसाळ्यात जवळजवळ काहीच जमा होत नसल्याने बँक आमचे उत्पन्न कसे धरेल, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

प्रतिसाद १
व्यावसायिकाच्या बाबतीत बँका एकेका महिन्यावर न जाता सहसा दोन-तीन वर्षांची आयकर विवरणपत्रे, फॉर्म २६एएस (तुमच्या नावे कापलेल्या व भरलेल्या कराची नोंद) आणि खातेउतारे ताडून पाहतात. अनुमानित कररचनेत (म्हणजे उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरून कर भरण्याच्या सोयीत) उलाढालीच्या किमान ६ किंवा ८ टक्केच नफा दाखवला असेल, तर कर वाचतो खरा, पण बहुतेक वेळा तेवढेच उत्पन्न धरले जाते. रोखीने घेऊन खात्यात न भरलेले पैसे तर हिशेबातच येत नाहीत.

प्रतिसाद २
वहिनींना सहअर्जदार करा आणि त्यांचे नियुक्तिपत्र व मानधनाच्या नोंदी जोडा. शेतीचे उत्पन्न करमुक्त असले तरी वडिलांच्या विवरणपत्रात दाखवलेले असावे. सातबारा आणि व्यापाऱ्यांच्या पट्ट्या (मालविक्रीच्या पावत्या) सोबत ठेवा. मात्र वडिलांचे उत्पन्न धरल्यास त्यांच्या वयामुळे कर्जाची मुदत कमी होऊ शकते, हे आधीच विचारून घ्या.

प्रतिसाद ३
रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ३० ते ७५ लाखांच्या कर्जाला किमतीच्या ८० टक्क्यांची मर्यादा आहे, म्हणजे तुम्हाला जास्तीत जास्त ३६ लाख मिळतील; मुद्रांक व नोंदणी शुल्क वेगळे. हप्ता पावसाळ्यात पेलेल एवढाच ठेवा. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व परतफेडीचा दंड लागत नसल्याने लग्नसराईत जादा रक्कम भरता येईल.