आजाऱ्याला डांबायचं की त्याच्या हातातली बंदूक काढायची?

पाणवठा:
अमेरिकेत मोठा गोळीबार झाला की लगेच मागणी येते, मनोरुग्णांना सक्तीने दाखल करा. मला ही दिशाच चुकीची वाटते.

मेन राज्यातलं लुइस्टन घ्या. 25 ऑक्टोबर 2023 ला एक बोलिंग अ‍ॅली आणि एका बारमध्ये मिळून 18 माणसं मारली गेली. मारणारा लष्कराचा राखीव सैनिक. मे महिन्यातच त्याच्या मुलाने आणि घटस्फोटित बायकोने पोलिसांना सांगितलं होतं की याचं काहीतरी बिनसलंय आणि घरात बंदुका आहेत. जुलैत तो न्यूयॉर्कच्या मनोरुग्णालयात दोन आठवडे होता. म्हणजे दाखल करून झालं होतं! सप्टेंबरात एका सहकाऱ्याने वरिष्ठांना कळवलं की हा गोळीबार करेल अशी भीती वाटते. शेरीफचे लोक घरी गेले, आत हालचाल ऐकू आली, त्याने दार उघडलं नाही. बंदुकांचं भाऊ बघेल, असं समजून प्रकरण तिथेच सोडलं.

तिथल्या तेव्हाच्या 'यलो फ्लॅग' कायद्यात, म्हणजे धोकादायक माणसाच्या बंदुका काढून घेण्याच्या कायद्यात, आधी माणूस ताब्यात घ्यायचा, मग डॉक्टरी तपासणी, मग न्यायाधीश. पहिलीच पायरी अडली. फ्लोरिडात पार्कलँडच्या शाळेतल्या हत्याकांडानंतर 2018 मध्ये रिपब्लिकन गव्हर्नरनेच 'रेड फ्लॅग' कायद्यावर सही केली. तिथे पोलीस थेट कोर्टात जातात. आजाराचं नाव लागत नाही, धोका दाखवावा लागतो. मला हेच योग्य वाटतं.

दूर्वा_एनजे:
पाणवठा, तुम्ही बंदुकीचं बघताय, पण तो माणूस तर तसाच राहतो ना?

माझ्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. आपल्याला काही झालंय हेच त्याला मान्य नाही. गोळी जिभेखाली दाबून धरतो आणि आईची पाठ वळली की बेसिनमध्ये थुंकतो. इमर्जन्सीत नेलं की विचारतात, स्वतःला किंवा दुसऱ्याला इजा करणार आहेस का? तो शांतपणे नाही म्हणतो आणि आम्ही त्याला घेऊन परत येतो. काहीतरी भयंकर घडेपर्यंत वाट बघा, असंच घरच्यांना सांगितल्यासारखं आहे हे.

व्हर्जिनिया टेक विद्यापीठातला मारेकरी आठवा. डिसेंबर 2005 मध्ये कोर्टाने त्याला बाहेरून उपचार घ्यायचा आदेश दिला होता. तो घेतोय का, हे कुणी पाहिलंच नाही. 2007 मध्ये 32 जण गेले, त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक मुलगीही होती. कोर्टाच्या आदेशाने बाहेरून उपचार घ्यायला लावणारा न्यूयॉर्कचा 1999 चा 'केंड्राज लॉ' आहे, तसा कायदा तिथे असता, नीट पाठपुरावा झाला असता, तर?

पाणवठा:
दूर्वा, घरच्यांची ही फरफट मी नाकारत नाही. पण त्याच प्रकरणात आदेश रुग्णालयात भरतीचा नव्हता म्हणून त्याचं नाव बंदूक-तपासणीच्या यादीत गेलंच नाही आणि त्याला दुकानातून दोन पिस्तुलं मिळाली. त्यानंतर केंद्राचा कायदा सुधारावा लागला.

रात्रपाळी:
मी इमर्जन्सीत नर्स आहे. दोघांच्याही बोलण्यात आत्महत्या आलीच नाही. 2021 मध्ये अमेरिकेत बंदुकीने 48,830 माणसं गेली, त्यातल्या 26,328 आत्महत्या. आमच्याकडे येणारा शेतकरी, निवृत्त पोलीस, नुकती बायको गेलेला म्हातारा. यांना कळलं की खरं बोललो तर डांबतील आणि बंदूक कायमची जाईल, तर ते तोंडच उघडत नाहीत. म्हणून मी आधी विचारते, काही दिवस बंदूक मित्राकडे ठेवाल का? बरेच जण हो म्हणतात. सक्तीचा कायदा कडक करताना या माणसांचा विचार करा.

दूर्वा_एनजे:
रात्रपाळी, तुमचा म्हातारा निदान बोलतो तरी. माझा भाऊ दारच उघडत नाही. त्याच्यासाठी कोर्टाचा आदेश हवा, त्याच्यासोबत दर आठवड्याला घरी येणारं माणूस हवं, आणि त्याला बंदूक विकत घेता येऊ नये. यातलं एकही सोडायला मी तयार नाही.

पाणवठा:
घरी येणाऱ्या माणसाबद्दल माझं दुमत नाही. आदेशाबद्दल आहे. इंजेक्शन नाकारलं म्हणून पोलीस दारात आले तर तो पुढच्या वेळी तुमच्यापासूनच पळेल, ही भीती तुम्हाला वाटत नाही का?

दूर्वा_एनजे:
वाटते. पण तो आत्ताही पळतोच आहे, आणि त्याच्या मागे फक्त आई धावते. ती 71 वर्षांची आहे.