मदत हवी आहे: आयडीईत टेस्ट पास, मेव्हन व्हेरिफायला मात्र 'नोक्लासडेफफाउंडएरर'

मंडळी, डोकं चालेनासं झालंय, म्हणून इथे विचारतो.

मेव्हनचा (जावाचं बिल्ड टूल) मल्टी-मॉड्यूल प्रोजेक्ट आहे. जावा १७, स्प्रिंग बूट ३. 'कॉमन' ही साधी लायब्ररी, 'ऑर्डर' हे बूट ॲप. इंटिग्रेशन टेस्ट 'ऑर्डर'मध्येच आहेत आणि फेलसेफ प्लगइनने चालतात. इंटेलिजेमधून चालवल्या की पास. युनिट टेस्टही पास. मेव्हनची 'व्हेरिफाय' पायरी चालवली की जार (क्लास एकत्र बांधलेली फाइल) बनतो, फेलसेफ सुरू होतो आणि ऑर्डरसर्व्हिस क्लास सापडत नाही म्हणून सगळं लाल.

गंमत म्हणजे 'कॉमन'मधले क्लास सापडतात, स्वतःच्या मॉड्यूलमधलेच सापडत नाहीत! जार उघडून पाहिला, ऑर्डरसर्व्हिस आत आहे. क्लीन करून झालं, लोकल रिपॉझिटरी उडवून झाली. फेलसेफ २.१८.१ वर न्या असा सल्ला वाचला, पण इतक्या जुन्या प्लगइनवर जायचं जिवावर येतंय. पॅरेंट पॉम (मॉड्यूलना वारशाने मिळणारी मेव्हनची सेटिंग फाइल) कंपनीचा आहे, स्प्रिंग बूटचा फक्त बॉम (लागणाऱ्या लायब्ररींच्या, म्हणजे डिपेंडन्सींच्या, आवृत्त्यांची यादी) इम्पोर्ट केलाय.

प्रतिसाद

शेवटच्या वाक्यात उत्तर आहे. जारमध्ये क्लास कुठल्या फोल्डरखाली दिसतो ते पुन्हा बघा. 'बूट-इन्फ/क्लासेस'खाली असणार. पॅकेज फेजमध्ये (जार बनवायची पायरी) बूटच्या प्लगइनचं रीपॅकेज नावाचं काम (मेव्हनच्या भाषेत 'गोल') मूळ जारच्या जागी फॅट जार (सगळ्या लायब्ररी आत भरलेला, थेट चालणारा जार) ठेवतं. युनिट टेस्ट त्याआधी, टार्गेटमधल्या क्लासेस फोल्डरवर चालतात. फेलसेफ नंतर येतो आणि क्लासपाथवर (जावा जिथे क्लास शोधतो ती यादी) तो जार घेतो. जावाच्या साध्या क्लासलोडरला (क्लास शोधून लोड करणारा भाग) 'बूट-इन्फ'च्या आतलं दिसत नाही. 'कॉमन'चा जार साधा आहे, म्हणून तो चालतो.

बूटचा स्टार्टर-पॅरेंट (बूटचा तयार पॅरेंट पॉम) वापरला असता तर फेलसेफची 'क्लासेसडिरेक्टरी' (क्लास कुठून घ्यायचे ती सेटिंग) त्यानेच लावून दिली असती. बॉम फक्त डिपेंडन्सींच्या आवृत्त्या देतो, प्लगइनची सेटिंग नाही. तेव्हा फेलसेफच्या कॉन्फिगरेशनमध्ये 'क्लासेसडिरेक्टरी'ला प्रोजेक्टची बिल्ड आउटपुट डिरेक्टरी द्या. व्हर्जन मागे नेऊ नका.

धागाकर्ता

चाललं! तुम्ही म्हणता तसंच, 'बूट-इन्फ'खालीच होता. आता पुढचा प्रश्न: एंड-टू-एंड टेस्टसाठी वेगळं मॉड्यूल करायचंय आणि त्याला 'ऑर्डर'वर डिपेंडन्सी लागेल. तिथेही हेच पुरेल का?

प्रतिसाद

नाही. तिथे कंपाइललाच अडकाल, 'पॅकेज अस्तित्वात नाही' म्हणून, कारण त्या मॉड्यूलच्या हातात फॅट जारच पडणार. रीपॅकेजला 'एक्झेक' असा क्लासिफायर (जारच्या नावाला जोडायची खूण) द्या. मग मुख्य जार साधा राहतो आणि चालवायचा जार '-एक्झेक' शेपटीने वेगळा बनतो. डॉकरफाइलमधलं जारचं नाव बदलायला विसरू नका, नाहीतर कंटेनर साधा जार उचलेल आणि 'मेन मॅनिफेस्ट ॲट्रिब्यूट नाही' म्हणून ओरडेल.

आणि 'कॉमन'च्या टेस्ट फोल्डरमधले हेल्पर क्लास वापरणार असाल, तर ते नेहमीच्या जारमध्ये येत नाहीत. जार प्लगइनचा टेस्ट-जार गोल लावा आणि डिपेंडन्सीत टाइप 'टेस्ट-जार' लिहा. टेस्ट स्कोपच्या डिपेंडन्सी मात्र पुढे झिरपत नाहीत. मॉकिटो (टेस्टसाठी नकली ऑब्जेक्ट बनवणारी लायब्ररी) वगैरे नव्या मॉड्यूलच्या पॉममध्ये पुन्हा लिहावं लागेल.