शब्दचर्चा : स्विंगआर्मला ‘चिमटा’ म्हणावे का, आणि लिंकेजला काय म्हणावे?

मूळ प्रश्न

डर्ट बाइकचा (कच्च्या वाटांवर चालवायच्या मोटारसायकलचा) स्विंगआर्म, म्हणजे मागचे चाक धरणारा वरखाली हलणारा भाग, आणि त्याच्या पोटाखालचे सस्पेन्शन लिंकेज, म्हणजे त्याला शॉकअपशी जोडणारी तरफांची यंत्रणा, उतरवून, साफ करून, ग्रीस भरून पुन्हा बसवण्याची कृती मी नव्या चालकांसाठी मराठीत लिहीत आहे. पहिल्या खर्ड्यात मी स्विंगआर्मसाठी ‘झुलता बाहू’, लिंकेजसाठी ‘जोडणी’, बेअरिंगमधल्या स्लीव्हसाठी (आतल्या नळीसाठी) ‘बाही’ आणि ‘प्ले’साठी (झिजलेल्या भागांमधल्या ढिल्या हालचालीसाठी) ‘खेळ’ असे शब्द योजले होते. तो खर्डा आमच्या गॅरेजमधल्या मुलाला वाचायला दिला, तेव्हा ‘मागची जोडणी सोडवा’ या वाक्याशी थांबून त्याने विचारले, “म्हणजे वायरिंग काढायचे का?” वाचणारा हातात पाना घेऊन बसलेला असताना त्याची अशी दिशाभूल होणे मला मान्य नाही. जाणकारांनी शब्द सुचवावेत आणि ते का योग्य आहेत, हेही सांगावे.

प्रतिसाद

आपण ज्याला ‘झुलता बाहू’ म्हणता, त्याला आपल्याकडच्या गॅरेजांत फार पूर्वीपासून ‘चिमटा’ म्हणतात. सुट्या भागांच्या दुकानात ‘चिमटा बुश’ (चिमट्याच्या सांध्यात बसणारी नळी) मागितले की दुकानदार पुढे फक्त गाडी कोणती एवढेच विचारतो. हा शब्द आकारावरून आला हे उघड आहे, कारण दोन लांब दांड्यांच्या टोकांत चाकाचा एक्सल धरलेला असतो. माझ्या मते मात्र तो केवळ आकारापुरताच नाही, तर कार्यानेही योग्य आहे. शाळेत तरफेचे तीन प्रकार शिकवताना तिसऱ्या प्रकाराचे उदाहरण म्हणून चिमटाच दाखवतात : एका टोकाला टेकू, दुसऱ्या टोकाला भार आणि मधे कुठेतरी बल. मागचा चिमटा नेमका असाच चालतो. त्याचे पुढचे टोक पिव्होट बोल्टवर (ज्याभोवती तो फिरतो त्या बोल्टवर) चॅसीत, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, टेकलेले असते, मागच्या टोकाला चाक असते आणि शॉकअपचा जोर या दोहोंच्या मधे येतो. मोटोक्रॉसच्या (कच्च्या ट्रॅकवरच्या शर्यतीच्या) गाडीचे मागचे चाक सुमारे ३०० मिलिमीटर वरखाली होते, पण शॉकअपचा दांडा त्याच्या निम्म्याहूनही कमी सरकतो, आणि म्हणूनच त्याला चाकावरच्या भारापेक्षा कितीतरी अधिक जोर लावावा लागतो. ‘झुलता बाहू’ या शब्दातून यातले काहीच कळत नाही, उलट काहीतरी सैल लोंबत असल्याचा भास होतो.

एक अडचण मात्र सांगितली पाहिजे. सायकल दुरुस्तीच्या दुकानांत पुढच्या फोर्कलाही चिमटा म्हणतात. त्यामुळे पहिल्या उल्लेखात ‘मागचा चिमटा, म्हणजेच स्विंगआर्म’ असे लिहावे आणि पुढे नुसते ‘चिमटा’ चालवावे. भाग मागवताना कॅटलॉगमध्ये स्विंगआर्म हाच शब्द सापडणार असल्याने तो वाचकाला एकदा तरी दिसायला हवा.

‘जोडणी’ मात्र काढूनच टाका. मराठीत जोडणी ही क्रिया आहे, नाहीतर गॅसची वा विजेची जोडणी आहे. आणि सुटे भाग उतरवून पुन्हा जोडण्याच्या कृतीत तो शब्द वापरला तर ‘जोडणीची जोडणी’ लिहिण्याची वेळ येते. संपूर्ण यंत्रणेला ‘लिंकेज’च म्हणावे, कारण तो शब्द चालकांच्या तोंडी रुळला आहे. तिच्या आतल्या दोन भागांना मात्र मराठी शब्द देता येतात. पुष्कळ गाड्यांत एक त्रिकोणी तुकडा असतो. त्याचे एक भोक चिमट्याला, दुसरे शॉकअपच्या खालच्या टोकाला आणि तिसरे एका आखूड दांडीला जोडलेले असते, आणि त्या दांडीचे दुसरे टोक चॅसीत असते. काही गाड्यांत ही मांडणी उलटी असते, म्हणजे त्रिकोण चॅसीवर आणि दांडी चिमट्यावर. त्रिकोणी तुकडा ही स्वतःच एक तरफ आहे, तेव्हा त्याला ‘तरफ’ म्हणावे, आणि दांडीला ‘दुवा’. ‘कडी’ हा शब्द मी मुद्दाम टाळतो, कारण याच कामात चेनची कडीही सोडवायची असते आणि एकाच परिच्छेदात दोन कड्या आल्या की गोंधळ ठरलेला.

लिंकेज हा सस्पेन्शनचा समानार्थी शब्द नाही, हेही टिपणात यावे. १९८०च्या आसपास कावासाकीचे युनी-ट्रॅक, होंडाचे प्रो-लिंक आणि सुझुकीचे फुल फ्लोटर आले, तेव्हापासून अशी यंत्रणा सर्वत्र पसरली. सुरुवातीला मऊ आणि चाक जसजसे वर दाबले जाईल तसतसे कडक होत जाणारे सस्पेन्शन मिळवणे, हा तिचा हेतू. पण केटीएमच्या एन्ड्युरो (आडवाटांवरच्या लांब शर्यतींच्या) गाड्यांत अनेक वर्षे शॉकअप थेट चिमट्यालाच बसवलेला आहे. अशा गाडीच्या मालकाने आपल्या टिपणानुसार लिंकेज शोधत बसू नये. उलट आपल्याकडे घाटवाटांवर सर्रास दिसणाऱ्या रॉयल एनफिल्ड हिमालयनला लिंकेज आहे, त्यामुळे आपले टिपण डर्ट बाइकवाल्यांच्या बाहेरही उपयोगी पडेल.

उपप्रश्न

मनःपूर्वक आभार. आता ‘प्ले’चे काय करावे? ‘ढिलेपणा’ लिहिले तर पुरेसे होईल का?

प्रतिसाद

पुरेसे होणार नाही, कारण इथे ढिलेपणा दोन प्रकारचा असतो आणि मराठीत त्यासाठी दोन वेगळी क्रियापदे तयार आहेत. गाडी इंजिनाखाली स्टँड लावून उभी करावी, म्हणजे मागचे चाक अधांतरी राहते. चाक न धरता चिमट्याचेच मागचे टोक दोन्ही हातांनी धरून आडवे हलवावे. पुढचे टोक चॅसीत हलताना जाणवले, तर चिमटा ‘डुगडुगतो’ आहे आणि दोष पिव्होटच्या बेअरिंगमध्ये आहे. मग चाक हळूच सरळ वर उचलावे. शॉकअपचा विरोध सुरू होण्याआधी बोटांना बारीकसा ‘टक्’ असा मोकळेपणा लागला, तर लिंकेज किंवा शॉकअपच्या टोकांची बेअरिंगे ‘खुळखुळी’ झाली आहेत. डुगडुगणे आडवे, खुळखुळणे आतले. ‘खेळ’ हा शब्द मात्र दोन्हींकडे निरुपयोगी आहे.

आणखी एक प्रतिसाद

क्रियापदांबद्दल थोडे सांगतो. ‘खोलणे’, ‘उतरवणे’ आणि ‘काढणे’ यांत गॅरेजमध्ये फरक करतात. एखादा भाग चॅसीवरून सुटा करणे म्हणजे उतरवणे, आणि तो भाग आतून सुटा करणे म्हणजे खोलणे. चिमटा उतरवला जातो, शॉकअप खोलला जातो. खोलणे हिंदीतून आले म्हणून कोणी ते गाळू नये, कारण हा भेद नसेल तर वाचक शॉकअप ‘काढा’ वाचून तो उघडायलाच जाईल, आणि आत दाबाखाली नायट्रोजन असतो.

‘वंगण’ या सुंदर जुन्या शब्दाविषयी मला आस्था आहे, पण इथे तो नको. वंगणात तेलही येते; ‘वंगण लावा’ असे वाचून कोणी चेनचे तेल सोडले, तर ते पहिल्याच पाण्यात धुऊन जाईल. ‘पाण्यात न धुतले जाणारे ग्रीस’ असे स्पष्ट लिहावे. तेही नुसते ‘लावा’ नको : बेअरिंगमधल्या रोलरांच्या फटींत ग्रीस भरावे, बुशवर चोपडावे आणि बोल्टवर हलका हात फिरवावा.

एका पावसाळ्यात प्रत्येक फेरीनंतर मी गाडी प्रेशरच्या पाण्याने धुतली होती. दिवाळीआधी पिव्होट बोल्ट काढायला गेलो, तो जागचा हलेना. गंज सोडवणारे तेल रात्रभर मुरू दिले, आटे मरू नयेत म्हणून नट टोकापर्यंत परत चढवला आणि पितळी दांडीवरून ठोके दिले. तेव्हा कुठे तो केसभर सरकला. बेअरिंगमध्ये ग्रीसऐवजी विटकरी लगदा होता. बुश ओढताच रोलर सुटून खाली ठेवलेल्या ताटलीत खळखळले आणि काहींची एक बाजू घासून चपटी झालेली दिसली. या रोलरांना कृपया ‘छर्रे’ म्हणू नका. छर्रे गोल असतात. हे बारीक, लांबट असतात आणि पुष्कळ बेअरिंगांत त्यांना जागी धरणारी जाळीच नसते. छर्रे वाचलेला माणूस ताटली ठेवणार नाही. ‘बाही’ही नको, ‘बुश’ म्हणा.

मूळ प्रश्नकर्त्याकडून

सुधारलेला मजकूर असा : “मागचे चाक, चेन आणि ब्रेकचा कॅलिपर सोडवून घ्या. दुवा आणि तरफ यांचे बोल्ट काढा, शॉकअपचे खालचे टोक मोकळे करा आणि मग पिव्होट बोल्ट ठोकून चिमटा उतरवा. बुश ओढण्यापूर्वी खाली ताटली ठेवा आणि रोलर मोजा. रॉकेलने धुऊन, पूर्ण कोरडे करून, फटींत ग्रीस भरा. खुळखुळे झालेले बेअरिंग पुन्हा बसवू नका.” शेवटच्या वाक्यात मी ‘बोल्ट घट्ट आवळा’ असे लिहिले होते. ते खोडून ‘गाडीच्या पुस्तिकेत दिलेल्या न्यूटन-मीटरच्या आकड्याइतकेच टॉर्क-पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने) आवळा’ असे केले आहे.