बाळंतिणीने पापार्पण का द्यायचं?

बायबलमधल्या लेवीय पुस्तकाचा १२वा अध्याय वाचतेय. मुलगा झाला तर आईच्या शुद्धीला ४० दिवस, मुलगी झाली तर ८०, आणि वर पापार्पण, म्हणजे पापासाठीचं अर्पण! माझी लेक तीन आठवड्यांची आहे. माझं पाप कोणतं?

उत्तर १: कोणतंच नाही. मूळ हिब्रू शब्द ‘हत्तात’. बायबलचे अभ्यासक जेकब मिलग्रोम त्याचा अर्थ ‘शुद्धीकरणाचं अर्पण’ असा लावतात. लेवीय ८:१५ बघा, तिथे हत्तातने वेदी शुद्ध होते. वेदी कसलं पाप करणार?

उत्तर २: बायबलमध्येच लूक २ मध्ये येशूची आई मरियाही तेच अर्पण घेऊन येते, होल्यांची जोडी किंवा पारव्यांची दोन पिल्लं. म्हणजे लेवीय १२ मधलं कोकरू परवडत नव्हतं.

प्रश्नकर्ती: वेदीचं पटलं. ८० दिवसांचं काय?

उत्तर १: अध्यायात कारणच दिलेलं नाही. भाष्यकार भांडताहेत. तुम्ही झोपून घ्या.