मदत हवी आहे: नांदेडमध्ये बेघरांची रात्रीची मोजणी, कोणाला धरायचं आणि कोणाला नाही?

गोदाकाठ:
नमस्कार मंडळी. जानेवारीत नांदेड शहरात उघड्यावर झोपणाऱ्यांची मोजणी करायलोत. कॉलेजची मुलं, निवृत्त शिक्षक, काही नर्सताई असे चाळीसेक जण तयार आहेत. आकडा महापालिकेकडं नेऊन निवाऱ्यातल्या जागा वाढवून मागायच्यात. अडलंय ते इथं: विष्णुपुरीच्या सरकारी दवाखान्याच्या आवारात चटया टाकून झोपलेले पेशंटचे नातेवाईक धरायचे का? स्टेशनवर सचखंड गुरुद्वाऱ्याला आलेले यात्रेकरू आणि खरोखर तिथंच राहणारे वेगळे कसे ओळखायचे? रिकाम्या प्लॉटवरची पालं कशात टाकायची? आणि एकच माणूस दोन पथकांनी मोजला तर? त्याच रात्री ब्लँकेटही वाटावीत असा आग्रह आहे. जाणकारांनी सांगावं.

रातपाळी:
आधी व्याख्या लेखी ठरवा, मगच नकाशा काढा. जनगणनेत इमारतीत किंवा घरात न राहता रस्त्याकडेला, फुटपाथवर, पुलाखाली, जिन्याखाली, देवळाच्या ओसरीत, फलाटावर राहणारे ते बेघर. २०११ ला त्यांची मोजणी २८ फेब्रुवारीच्या रात्री झाली होती. तुम्ही हीच व्याख्या घ्या, म्हणजे महापालिकेत कुणी 'तुमची व्याख्याच वेगळी' म्हणून कागद बाजूला सारणार नाही.

नातेवाईकांना एकच प्रश्न: "पेशंटला सुट्टी झाल्यावर कुठं जाणार?" गावाचं नाव पटकन आलं तर 'तात्पुरता' रकाना. उत्तर अडखळलं, किंवा पेशंट कधीच घरी गेला आणि माणूस तिथंच राहिला असं निघालं, तर बेघर. स्टेशनवर "गाडी कितीची आहे?" एवढं विचारलं तरी यात्रेकरू वेगळे पडतात. पालांना स्वतंत्र रकाना द्या आणि बेरीज वेगळी दाखवा. भटक्या कुटुंबांची गरज जागेची, वीज-पाण्याची, पोरांच्या शाळेची असते. त्यांना निवाऱ्यातल्या खाटांच्या हिशोबात कोंबलं की दोन्ही मागण्या कच्च्या पडतात.

तारीख बघून घ्या. लोहा तालुक्यातल्या माळेगावच्या खंडोबाची यात्रा डिसेंबर-जानेवारीत येते, तेव्हा शहरातली पालं आणि भिक्षेकरी लोह्याकडं सरकलेले असतात. यात्रा, मोठी लग्नतिथी, मोर्चा, यातलं काही असेल तर ती रात्र टाळा.

वेळ रात्री ११ ते २. त्याआधी लोक जेवणाच्या रांगेत किंवा फिरतीवर असतात, आणि पहाटे झाडूवाले यायच्या आत बरेच जण पथारी गुंडाळतात. पथक चौघांचं, त्यात किमान एक बाई. एक बोलणार, एक लिहिणार, एक फक्त डोकी मोजणार, एक रहदारीकडं लक्ष ठेवणार. बॅटरीचा झोत जमिनीवर, तोंडावर कधीच नाही. पायथ्याशी थांबा, उशाशी नको. झोपलेल्याला उठवू नका: जागा, अंदाजे वय, बाई की पुरुष, एवढं टिपा आणि पुढं चला. फोटो अजिबात नको.

पोलिसांना, स्टेशन अधीक्षकांना, रेल्वे सुरक्षा दलाला आणि एसटी स्थानकप्रमुखांना आधी पत्र द्या, पोच घ्या. पण पोलीस गाडी सोबत फिरवू नका. भीक प्रतिबंधक कायदा १९५९ चा आहे आणि त्याखाली उचलून नेतील ही भीती फुटपाथवरच्या प्रत्येकाला असते. गाडी दिसली की अख्खी रांग गल्लीत पांगते आणि तुमचा आकडा निम्म्यावर येतो.

आकडेमोड_परभणी:
दुबार नोंदीबद्दल. सगळी पथकं एकाच वेळी सुटली पाहिजेत आणि हद्दीचा रस्ता कोणाचा हे नकाशावर रंगवून ठेवा: रस्त्याच्या दोन्ही बाजू एकाच पथकाकडं. जागे असलेल्याला "आज रात्री आधी कुणी येऊन विचारलं का?" हा पहिला प्रश्न. सोबत सांकेतिक खूण: नावाचं आणि वडिलांच्या नावाचं पहिलं अक्षर, वयाचा गट, मूळ जिल्हा. पूर्ण नाव नको.

कितीही नेटानं फिरलात तरी सगळे सापडत नाहीत. म्हणून दोन-तीन दिवसांच्या आत दुसरी फेरी करा. समजा पहिल्या रात्री ८० जणांची खूण मिळाली, दुसऱ्या रात्री ९० जणांची, आणि ६० दोन्हीकडं आहेत. ८० गुणिले ९० भागिले ६०, म्हणजे अंदाज १२०. खूण जुळवण्यात ढिलाई झाली तर इथंच घोळ होतो: ६० ऐवजी ५० च जुळले तर तोच अंदाज १४४ वर जातो. म्हणून जुळणी दोघांनी स्वतंत्रपणे करावी. झोपलेल्यांना खूण नसते, ते या गणितात धरू नका. त्यांचा आकडा वेगळा द्या.

गोदाकाठ:
खूप उपयोगी, मनापासून आभार. बायकांचं काय? पाहणीला गेलो तेव्हा पुरुषच दिसले.

रातपाळी:
एकट्या बायका उघड्यावर आडव्या होतच नाहीत ताई. अपघात विभागाच्या बाकावर, स्थानकाच्या उजेडात, देवळाच्या पायरीवर बसून रात्र काढतात आणि दिवसा झोपतात. रात्रीच्या आकड्यात त्या हमखास कमी येतात. त्यासाठी दुसऱ्या दिवशी लंगरच्या आणि अन्नदानाच्या ठिकाणी फक्त बायकांचं पथक बसवा आणि "काल रात्र कुठं काढली?" हे विचारा. अहवालात हा आकडा वेगळा लिहा, नाहीतर महापालिका 'बायका नाहीतच' म्हणून महिला निवारा टाळते.

ब्लँकेट मोजणीच्या रात्री वाटूच नका. पहिल्या चौकात गठ्ठा सुटला की बातमी पुढं जाते, माणसं पथकामागं धावतात, मोजणी तिथंच संपते. चार दिवसांनी वाटा, आणि पांघरुणाआधी अंथरुणाचा विचार करा. थंडी फरशीतून वर येते. दुहेरी पोतं किंवा फोमची शीट, वर ताडपत्री, मग ब्लँकेट. सोबत बांधायला दोरी द्या, कारण दिवसा ठेवायला जागा नसते आणि सुटं सामान कचरागाडीत जातं.

दवाखाना_ड्युटी:
मनोरुग्ण वाटणारी, स्वतःला सांभाळू न शकणारी व्यक्ती दिसली तर स्वतः ओढून नेऊ नका. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७, कलम १००: अशा व्यक्तीला संरक्षणात घेऊन २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी आरोग्य संस्थेत नेणं ही पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याची जबाबदारी आहे, आणि कोठडीत ठेवता येत नाही. कलमाची छापील प्रत पथकाकडं ठेवा, ठाण्यावर तिचा फार उपयोग होतो. ताप, जखम, बेशुद्धी असेल तर १०८. एकटं मूल दिसलं तर १०९८. वृद्धांसाठी १४५६७.

कागदवाला:
मोजणीत भेटलेल्यांच्या कागदपत्रांबद्दल. मतदार नोंदणीला पत्त्याचा पुरावा नाही म्हणून बेघरांना परत पाठवतात, ते चूक आहे. नमुना ६ मध्ये झोपण्याची जागा लिहायची. बीएलओनं (मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्यानं) एकाहून जास्त रात्री तिथं जाऊन माणूस खरंच तिथं झोपतो याची खात्री केली की कागदी पुरावा लागत नाही. आधारसाठी ठरावीक नमुन्यातलं प्रमाणपत्र चालतं, आमदार किंवा राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीचं. सहीनंतर तीन महिन्यांतच वापरा. आधार झालं की बँक खातं, मग तहसीलमध्ये संजय गांधी निराधार योजना किंवा ६५ च्या पुढं श्रावणबाळ योजना, महिना १५०० रुपये. दोन्हीला महाराष्ट्रातलं १५ वर्षांचं वास्तव्य लागतं, तिथं बहुतेक अर्ज अडतात. म्हणून मूळ गाव विचारताना तालुकाही लिहून घ्या, म्हणजे तिथल्या ग्रामपंचायतीतून दाखला मागवता येतो.

महापालिकेच्या अर्जात हा हिशोब मांडा: राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानाचा (ते २०२४ ला संपलं) निकष होता दर लाख लोकसंख्येमागं किमान १०० जणांचा कायम निवारा, माणशी ५० चौरस फूट. २०११ च्या जनगणनेत नांदेड साडेपाच लाखांचं, म्हणजे तेव्हाच्याच हिशोबानं ५५० जागा. अर्ज आवक-जावकला नोंदवून शिक्क्याची प्रत घ्या.